मुलांचा मधुमेह : दोष साखरेचा नाही, पण वेळ दवडू नका



ऊसनोंदीसाठी गटात फिरताना हा प्रश्न कानावर येतो : "साहेब, शाळेत जाणाऱ्या पोराला साखर कशी झाली? गोड खाऊन का?" साखर कारखान्याच्या माणसाला हे विचारलं जाणं साहजिकच आहे. म्हणून चार गोष्टी येथे मांडत आहे.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यात इन्सुलिन तयार होते. इन्सुलिन असेल तरच रक्तातली साखर शरीराच्या कामी येते. लहान मुलांत बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि त्यात आईबापाचा काही दोष नाही.

सरीत पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि पाण्यात उभा असूनही ऊस पिवळा पडतो. तसंच इथं होतं. रक्तात साखर भरपूर, पण शरीर उपाशी.

पुढील लक्षणे ध्यानात ठेवा :

१) सारखी तहान आणि वारंवार लघवी.
२) अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा करू लागणे, लघवीला मुंग्या लागणे.
३) भरपूर खाऊनही वजन घटणे, थकवा.

उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, ग्लानी ही धोक्याची पायरी. याला पोटाचा विकार किंवा बाहेरची बाधा समजून घरी बसू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा आणि रक्तातील साखर तपासायला सांगा. बोटाच्या थेंबावर मिनिटाभरात कळते. लक्षणे असताना ती २०० किंवा अधिक असेल, तर मधुमेह समजावा.

उपाय एकच : रोज इन्सुलिन. पूर्वी अशी मुलं थोड्याच काळात दगावत. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले. तो पुढे १३ वर्षे जगला. आज अशी मुलं शिकतात, खेळतात, संसार करतात. मात्र कुणाच्या जडीबुटीवर विसंबून इन्सुलिन बंद केलं, तर काही दिवसांतच जीवावर बेतते. मूल आजारी असून जेवत नसेल, तरीही मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. फ्रीज नसेल तर कुपी डबीत घालून, पाणी लागणार नाही अशी, गार माठात ठेवता येते.

कधी साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, अचानक भूक, बावचळल्यासारखं वागणं ही त्याची खूण. मूल शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. म्हणजे आपलीच साखर इथं औषध ठरते! बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. शाळेतल्या गुरुजींनाही हे सांगून ठेवा.

मुलगी आहे, उद्या लग्नाला अडचण येईल, म्हणून आजार झाकू नका. आणि आपल्या फडावर येणाऱ्या तोडणी मजुरांच्या पोरांवरही नजर असू द्या. लागण आठवडाभर लांबली तर निभावते. असं आजारी मूल एक रात्रही थांबू शकत नाही.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी