साच्याने काँक्रीटची पायवाट घरच्या घरी कशी बनवायची? साहित्य, प्रमाण आणि मोबाइलचा वापर



तो रील तुम्हीही पाहिला असेल. जमिनीवर प्लास्टिकचा काळा साचा ठेवतात, त्यात काँक्रीट भरतात, थापीने सपाट करतात, साचा उचलतात आणि खाली दगडी फरशीसारखी नक्षी तयार! ३० सेकंदांत पायवाट.

मीही तो रील पाहिला आणि त्याच रात्री साचा ऑर्डर केला. आमचं घर भिगवणजवळ, उजनीच्या बॅकवॉटरपासून फार लांब नाही. गेटपासून पडवीपर्यंत १२ मीटर काळी माती. पावसाळ्यात तिथे चप्पल मातीत राहते आणि नुसता पाय वर येतो. आजी काठी टेकत चालते, त्यामुळे पाऊस सुरू झाला की तिचं गेटपर्यंत येणंही बंद. पायवाट करायची होती ती तिच्यासाठी.

मे महिन्यात दोन दिवसांत काम उरकलं, फोटो टाकले, लाइक्सही आले. दिवाळीपर्यंत २० पैकी ७ फरशांना तडे गेले होते आणि २ एका बाजूला खचल्या होत्या. त्या वर आलेल्या कडेला अडखळून आजी पडता पडता वाचली. म्हणजे जिच्यासाठी वाट केली, तिच्यासाठीच ती मातीपेक्षा धोकादायक झाली. शेजारचे गवंडीकाका बघून एवढंच म्हणाले, "वरचं बघून केलंस, खालचं कोण बघणार?"

हिवाळ्यात सगळं उखडून पुन्हा केलं. या लेखात ती दुसरी, टिकलेली पद्धत पाहूया. रीलमध्ये दिसतं ते काम एकूण कामाच्या फार तर चौथा हिस्सा आहे. उरलेलं साच्याच्या खाली आणि साचा उचलल्यानंतर होतं.

आधी हे समजून घ्या: सिमेंट वाळून घट्ट होत नाही

आपल्याला वाटतं की काँक्रीट चिखलासारखं वाळतं आणि कडक होतं. तसं नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, तिला हायड्रेशन म्हणतात. त्यातून तयार होणारा पदार्थ वाळू आणि खडीला धरून ठेवतो. यातून दोन गोष्टी निघतात.

१. कालवताना पाणी जास्त झालं, तर क्रियेत न वापरलेलं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. काँक्रीट कमजोर होतं.

२. साचा उचलल्यावर पाणी लवकर उडालं, तर क्रिया अर्धवट थांबते. काँक्रीट दिसायला कडक, पण आतून कच्चं राहतं.

पहिल्या वेळी मी दोन्ही चुका केल्या. माल पटकन पसरावा म्हणून पाणी वाढवलं आणि मेच्या उन्हात तो तसाच सोडून दिला.

काळ्या मातीचा प्रॉब्लेम

तिसरी चूक सर्वांत मोठी होती. मी साचा थेट काळ्या मातीवर ठेवला होता.

आपली काळी माती दख्खनचा बेसाल्ट खडक झिजून तयार झाली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. अशा जमिनीवर ५ सेंटीमीटरची फरशी टाकली, तर पावसात ती खालून उचलली जाते आणि उन्हाळ्यात तिच्या खालचा आधार निघून जातो. सिमेंट कितीही भारी असलं तरी ती तुटणार.

उपाय गावात सगळ्यांना माहीत आहे: मुरूम. मुरूम फुगत नाही, पाणी खाली जाऊ देतो आणि ठोकला की घट्ट बसतो.

साचा कोणता घ्यावा?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

- जागेवर ओतायचा साचा: रीलमधला जाळीदार साचा. तो जमिनीवर ठेवून भरायचा, उचलायचा आणि पुढे सरकवायचा. एकाच साच्यात पूर्ण वाट होते.
- सुटे ब्लॉक पाडायचा साचा: रबर किंवा पीव्हीसीचा. ब्लॉक सावलीत पाडायचे, साधारण एक दिवसाने काढायचे, पाण्यात मुरवायचे आणि मग वाळूवर मांडायचे. वेळ जास्त लागतो, पण खराब ब्लॉक लावण्याआधीच बाजूला काढता येतो.

मी पहिला प्रकार वापरला, माप ६० × ६० × ५ सेंटीमीटर. घेताना प्लास्टिकची जाडी बघा. पातळ साचा भरताना बाहेर फुगतो आणि उचलताना कडा मोडतात.

साहित्याचं गणित (मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा)

वाट १२ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद. म्हणजे २० साचे.

- एका साच्याचा आकार: ०.६ × ०.६ × ०.०५ = ०.०१८ घनमीटर, म्हणजे १८ लिटर. मधल्या पट्ट्या वजा करू नका, ती सांडलवंड समजा.
- २० साचे: ३६० लिटर तयार काँक्रीट.
- सुकं साहित्य कालवल्यावर दबतं, कारण खडीमधल्या पोकळीत वाळू आणि वाळूमधल्या पोकळीत सिमेंट बसतं. म्हणून १.५४ ने गुणायचं: साधारण ५५४ लिटर सुकं साहित्य.
- प्रमाण १ : १.५ : ३ (सिमेंट : वाळू : खडी), म्हणजे एकूण ५.५ भाग. ५५४ ÷ ५.५ = साधारण १०० लिटर सिमेंट.

५० किलोची पिशवी साधारण ३५ लिटर भरते. म्हणजे ३ पिशव्या सिमेंट, १५० लिटर वाळू आणि ३०० लिटर खडी. भाव गावागणिक बदलतात, तुमच्या दुकानातला भाव टाकून खर्च काढा.

खडी १० मिलिमीटरची घ्या. 'आयएस ४५६' या भारतीय मानकानुसार खडीचा आकार काँक्रीटच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा मोठा नसावा. आपली जाडी ५० मिलिमीटर, त्यामुळे स्लॅबची २० मिलिमीटरची खडी इथे चालत नाही.

नदीची वाळू मिळत नसेल तर क्रश सँड चालते. धरणाकाठचा गाळ मात्र वाळू म्हणून वापरू नका. शंका असेल तर काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, हलवा आणि ३ तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर ८ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुऊन घ्या.

सिमेंटच्या पिशवीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. ३ महिन्यांपेक्षा जुनी किंवा गाठी झालेली पिशवी परत करा.

पाणी किती आणि कोणतं?

आयएस ४५६ मध्ये या प्रमाणासाठी एका ५० किलोच्या पिशवीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी.

तपासायची सोपी युक्ती: हातमोजा घालून मूठभर माल दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये. साच्यासाठी माल घट्टच लागतो, नाहीतर साचा उचलल्याबरोबर तो बसतो.

आता आपल्या भागातला प्रश्न. इंदापूर-बारामती पट्ट्यात कालव्याच्या पाण्याने काही जमिनी खारवटल्या आहेत आणि काही बोअरचं पाणी मचूळ लागतं. ते चालेल का? लोखंड नसलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला २००० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं, लोखंड असेल तर ५०० पर्यंतच. आपल्या वाटेत लोखंड नाही, म्हणून थोडी सूट आहे. पण टीडीएसच्या पेनवर विसंबू नका, तो सगळे क्षार एकत्र मोजतो, क्लोराइड वेगळं दाखवत नाही. पिण्याचं पाणी मिळत असेल तर तेच वापरा.

कृती

१. दोरी बांधा, खोदा. वाटेपेक्षा दोन्ही बाजूंना १० सेंटीमीटर जास्त रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल. काळी माती बाहेर काढा.

२. मुरूम भरा. एकदम नाही, दोन थरांत. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि धुम्मसने ठोका. ठोकल्यावर मुरूम साधारण १२ सेंटीमीटर भरला पाहिजे. इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया.

३. वर ३ सेंटीमीटर वाळू किंवा कच पसरा. म्हणजे फरशी आजूबाजूच्या मातीपेक्षा वर राहील आणि पाणी वाटेवर थांबणार नाही.

४. साच्याला आतून साबणाचं पाणी लावा. म्हणजे तो सहज सुटतो. जळकं ऑइल नको, ते मातीत मुरतं.

५. एका वेळी दोनच साच्यांचा माल कालवा. १० लिटर सिमेंट, १५ लिटर वाळू, ३० लिटर खडी. आधी सुकं कालवा, मग पाणी थोडं थोडं टाका, जास्तीत जास्त ८.५ लिटर. माल थिजू लागला तर पुन्हा पाणी मारून मऊ करायचा नाही.

६. भरा आणि कोपरे ठासा. थापीच्या टोकाने कोपऱ्यांत माल दाबा, हवा अडकू देऊ नका.

७. साचा सरळ वर उचला. माल आकार धरून राहतोय याची खात्री झाल्यावरच.

८. पाण्याची चकाकी गेली की खराटा फिरवा. हलक्या आडव्या रेघा उठल्या पाहिजेत. थापीने गुळगुळीत केलेली फरशी फोटोत छान दिसते, पण पावसात घसरते.

९. फटी वाळूने भरा, सिमेंटने नाही. दुसऱ्या दिवशी, काठोकाठ. फटीमुळे प्रत्येक तुकड्याला हलायला जागा मिळते. आणि फट खोल राहिली तर काठीचं टोक नेमकं तिथे अडकतं. हे मला आजीच्या चालण्याकडे बघून कळलं, कुठल्याही व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं.

उतार मोजायला मोबाइल

वाटेला एका बाजूला २ टक्के उतार द्या. ६० सेंटीमीटर रुंदीला हा उतार १.२ सेंटीमीटर होतो, कोनात साधारण १.१ अंश.

फोनमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरून लेव्हल ॲप कोन दाखवतं. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन पाठीवर ठेवला तर आकडा चुकतो, म्हणून तो सरळ पट्टीवर कडेने उभा धरा. एकदा आकडा बघा, मग फोन उलट बाजूने फिरवून त्याच जागी पुन्हा बघा. दोन आकडे वेगळे आले तर त्यांची सरासरी हाच खरा उतार.

काम सुरू करण्याआधी हवामान विभागाचं 'मौसम' ॲपही बघा. ताज्या काँक्रीटवर पाऊस आला तर वरचं सिमेंट धुऊन जातं. ४० अंशांवरच्या उन्हातही ओतू नका. आपल्याकडे सर्वांत चांगला काळ म्हणजे बॅकवॉटरला रोहित पक्षी येतात ते थंडीचे महिने.

क्युरिंग: इथेच बहुतेक जण हरतात

पहिल्या रात्री प्लास्टिकचा कागद झाका. दुसऱ्या सकाळपासून गोणपाट अंथरा आणि ते सतत ओलं ठेवा. सकाळी भिजवलं आणि दुपारी कडकडीत वाळलं, असं नको.

किती दिवस? आयएस ४५६ नुसार साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किंवा उष्ण कोरड्या हवेत किमान १० दिवस. मिश्र सिमेंटला १४ दिवस केलं तर उत्तम. पिशवीवर काय लिहिलंय ते बघा.

मी फोनमध्ये १४ दिवसांचे रोज ३ अलार्म लावले. मोटारीच्या लाइटचा भरवसा नसतो, म्हणून एक ड्रम आधीच भरून ठेवला. आठवड्यात मला पुण्याला परतायचं होतं, त्यामुळे अलार्म बाबांच्या फोनमध्ये लावून दिले. पहिले चार दिवस ते वैतागले, पाचव्या दिवशी अलार्मच्या आधी त्यांचाच फोटो आला: गोणपाट ओलं.

ही काळजी घ्याच

ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं. उघड्या हातांनी किंवा अनवाणी काम केलं तर कातडी भाजल्यासारखी होते. रबरी हातमोजे, गमबूट आणि चष्मा वापरा, सुकं सिमेंट ओतताना तोंडाला मास्क लावा. अंगाला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर धूत राहा आणि डॉक्टरकडे जा.

नेहमी पडणारे प्रश्न

वाटेवरून गाडी नेता येईल का? ही वाट पायी चालण्यासाठी आहे. कार किंवा ट्रॅक्टरसाठी जाड ब्लॉक आणि जास्त खोल भराव लागतो.

आत तारेची जाळी टाकू का? नको. ५ सेंटीमीटरमध्ये ती नीट झाकली जात नाही, गंजून फुगते आणि फरशी फोडते.

कधीपासून चालायचं? ३ दिवसांनी हलक्या पायाने. आम्ही आजीला १४ दिवस थांबवलं. काँक्रीटची ताकद मोजतात ती २८ दिवसांची, तोवर वर जड सामान ठेवू नका.

शेवटी

दुसरी वाट एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा पाहून झाली आहे. २० पैकी एका फरशीला केसासारखा तडा आहे, खचलेली एकही नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर आजी काठी टेकत एकटी गेटपर्यंत गेली, भाजीवाल्याशी भाव केला आणि परत आली. म्हणाली, "काठी रुतत न्हाय रं आता."

तुम्ही करणार असाल तर साचा ऑर्डर करण्याआधी अंगणात एक वीतभर खड्डा खणून माती बघा. काळी निघाली, तर पहिला फोन मुरूमवाल्याला करा.