खापर एकट्या अंपायरवर कशाला?

बेसबॉलचा स्कोअर 2-1 दिसला की क्रिकेटवर वाढलेला माणूस विचारतो, नऊ इनिंग ही मंडळी करत काय होती? 14 ऑक्टोबर 2021 ला सॅन फ्रान्सिस्कोत डॉजर्स आणि जायंट्स यांच्यात झालेला सामना अशांना दाखवावा. पाच सामन्यांची मालिका 2-2 अशी बरोबरीत, हा निकालाचा सामना. त्या मोसमात एका संघाच्या सामन्यागणिक सरासरी साडेचार धावा होत होत्या. इथे दोघांच्या मिळून तीन. त्या तीनही कशा आल्या पाहा. सहाव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या मुकी बेट्सने पहिला बेस गाठला, दुसरा चोरला आणि कोरी सीगरच्या फटक्यावर तो घरी आला. लगेच जायंट्सच्या डॅरिन रफने 452 फुटांचा होम रन मारून बरोबरी केली. नवव्यात डॉजर्सकडून निर्णायक फटका कोडी बेलिंजरचा. नॅशनल लीगचा 2019 चा हा सर्वोत्तम खेळाडू 2021 च्या मोसमात .165 च्या सरासरीने रखडला होता.

या दोन संघांचं वैर कॅलिफोर्नियातलं, असंही अनेकांना वाटतं. ते न्यूयॉर्कचं. डॉजर्स ब्रुकलिनचे, जायंट्स मॅनहॅटनचे. 1957 चा मोसम संपल्यावर दोघांनी एकदमच गाशा गुंडाळून पश्चिम किनारा गाठला. तरी प्लेऑफमध्ये त्यांची गाठ पडायला 2021 उजाडावं लागलं. त्या वर्षी जायंट्सचे 107 विजय, डॉजर्सचे 106.

पहिला चेंडू टाकतो तो संघाचा हुकमी पिचर, हा समजही त्या दिवशी खोटा ठरला. मोसमात वीस विजय मिळवणारा हुलिओ उरियास हाताशी असताना डॉजर्सनी पहिली इनिंग कोरी नेबेलला दिली, दुसरी ब्रुस्दार ग्रातेरोलला. उरियास आला तिसऱ्यात. कारण साधं होतं. पिचर डावखुरा की उजवा ते बघून जायंट्स आपले बॅटर ठरवत, आणि डॉजर्सना ते गणित बिघडवायचं होतं. जायंट्सच्या लोगन वेबने मात्र सात इनिंग एकहाती टाकल्या आणि एकच धाव दिली. माझ्या मते सामन्यातला सर्वांत देखणा खेळ त्याचाच.

आता वादाचा मुद्दा. शेवटची इनिंग, दोन बाद, पहिल्या बेसवर जायंट्सचा माणूस, समोर डॉजर्सचा पिचर मॅक्स शेरझर. दोन स्ट्राइक झालेल्या विल्मर फ्लोरेसने बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर बॅट उचलली आणि मध्येच आवरली. पहिल्या बेसवरचे अंपायर गेब मोरालेस यांनी ‘फटका मारला’ असा कौल दिला. तिसरा स्ट्राइक, खेळ खलास.

‘बॅट प्लेटच्या पुढे गेली तरच स्ट्राइक’ हा नियम चाहते छातीठोकपणे सांगतात. पण नियमपुस्तकात तो नाहीच. बॅटरने फटका मारायचा प्रयत्न केला की नाही, एवढंच अंपायरने नजरेने ठरवायचं. बॅट किती फिरली की प्रयत्न धरायचा, याचं मापच दिलेलं नव्हतं. व्हिडिओ पाहून दाद मागायचीही सोय नव्हती. फ्लोरेसने बॅट आवरली होती, असं रिप्ले पाहताना मलाही वाटतं. माझ्या लेखी कौल चुकलाच.

म्हणून सामना अंपायरने घालवला? तो चेंडू ‘बॉल’ ठरला असता तरी दोन स्ट्राइक आणि दोन बाद कायमच राहिले असते, आणि शेरझरविरुद्ध फ्लोरेसला कारकिर्दीत एकही हिट मिळाली नव्हती. त्याआधी नवव्या इनिंगमध्येच जायंट्सच्या कामिलो डोवालचा चेंडू जस्टिन टर्नरच्या अंगावर गेला होता, आणि फुकटात बेस मिळालेला हाच टर्नर बेलिंजरच्या फटक्यावर विजयी धाव घेऊन गेला. त्याची चर्चा फारशी कोणी करत नाही.

शेरझरला आणणं डॉजर्सना फुकटात पडलं, हाही भ्रमच. तीनच दिवसांपूर्वी सात इनिंग टाकून तो 1-0 असा हरला होता. पुढच्या फेरीत अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध दुसऱ्या सामन्यात त्याचा हात पाचव्या इनिंगलाच थकला, आणि सहाव्या सामन्यात तो उतरूच शकला नाही. तो सामना आणि मालिका ब्रेव्ह्जनी जिंकली, नंतर वर्ल्ड सिरीजही. मोसमात त्यांचे विजय होते 88.