फुकटच्या पुतळ्यांचा हिशेब

सकाळी चर्चगेटकडून माणसांचा लोंढा यायच्या आत हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या कुंडाशी एखादा सफाई कामगार वाकलेला दिसतो. लांब दांड्याच्या झाडूने कागदी कप, वेफर्सची पाकिटं कडेला ओढायची आणि गोणीत भरायची. शेजारी हेरिटेज वॉकची मंडळी थांबलेली असतात. माहिती देणारा आकडा सांगतो : दानशूर कर्सेटजी फर्दुनजी पारेख, २० हजार रुपये! माना वर होतात, मोबाइल वर होतात. गोणीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कारंजं १८६४ सालचं. एकूण खर्च सुमारे ४७ हजार, त्यातले २० हजार पारेखांचे. रिचर्ड नॉर्मन शॉचं रेखाटन, जेम्स फोर्साइथचं कोरीवकाम, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्याला द्यायचं घाटत होतं. मुंबईकरांच्या तोंडी मात्र माथ्यावरची रोमन देवी बसली. मुळात ते या चौकासाठी नव्हतंच. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी, ते मागवलं होतं. बागेत ते कधी पोचलंच नाही.

बागेत पोचले ते भलतेच पाहुणे.

अल्बर्ट ससून यांनी राजपुत्र एडवर्डच्या मुंबईभेटीची आठवण म्हणून त्याचा घोड्यावरचा ब्रॉन्झचा पुतळा शहराला दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोहम, साल १८७९. लोकांच्या तोंडी तो काळा घोडा झाला. तो उभा होता तिथे वडिलांच्या, डेव्हिड ससून यांच्या, नावाचं वाचनालय समोरच. त्याआधी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मॅथ्यू नोबलकडून व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा घडवून घेतला. १८७२ साली तो फोर्टात उभा राहिला, तेव्हा देणगीदार हयात नव्हते; खंडेराव १८७० मध्येच वारले होते. पुढे राज्य बदललं. १९६५ साली घोडाही हलला, राणीही हलली. आज दोघंही राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात आहेत. उचलून नेण्याचा खर्च अर्थातच देणगीदारांच्या खात्यात नव्हता.

फ्लोरा हलली नाही, पण तिने महापालिकेला वेगळा खर्च घातला. दगडावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढवले गेले. दगड गुदमरला, आतली पाण्याची व्यवस्था निकामी झाली. विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली थर उतरवून, दुरुस्त्या करून २०१९ च्या जानेवारीत कारंजं पुन्हा वाहू लागलं. वॉकवर सांगितला जातो तो मात्र २० हजारांचाच आकडा. रंग खरवडणाऱ्यांची मजुरी कुठल्याच फलकावर येत नाही.

आता पुतळा उभारायचा तर सोपस्कार बरेच आहेत. राज्य सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्थानिक संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, पोलिसांचं ना-हरकत लागतं, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्याच व्यक्तीचा पुतळा दोन किलोमीटरच्या परिघात आधीच असेल, तर दुसरा नाही. त्याआधी १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश दिला होता. तरी ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात. फुकट मिळणाऱ्या मूर्तीला नाही म्हणणारा नगरसेवक मतं कुठून आणणार?

काळा घोडा मात्र परतला. २०१७ साली काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने नवा घोडा बसला, अल्फाझ मिलर यांची संकल्पना, श्रीहरी भोसले यांचं शिल्प. यावेळी पाठीवर कुणी नाही. हा शहाणपणाच म्हणायचा : स्वार नाही, म्हणजे उद्या राज्य पालटलं तरी कुणाला उतरवायला नको.

धूळ मात्र बिनस्वाराच्या घोड्यावरही बसते, आणि कबुतरं राजा-रंक बघत नाहीत. म्हणून दानाचा प्रस्ताव सभेपुढे आला की मूर्तीच्या उंचीआधी देखभालीच्या ठेवीची रक्कम विचारावी. शिडी कोण लावणार, पंप कोण दुरुस्त करणार, उद्या मेट्रोच्या कामासाठी चौथरा हलवावा लागला तर बिल कुणाच्या नावे, हे हमीपत्रात लिहून घ्यावं. पारेखांच्या २० हजारांबरोबर अशी ठेव आली असती, तर रंगाच्या थरांऐवजी दरवर्षी साधं पाणी मारणंही परवडलं असतं.