डॉक्टर हवा, सहकुटुंब

पश्चिम क्वीन्सलंड, ऑस्ट्रेलिया

इथल्या ज्युलिया क्रीक नावाच्या गावानं 2025 साली डॉक्टरसाठी जाहिरात दिली. वर्षाला 6 लाख 80 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत पगार आणि राहायला घर फुकट. रुपयांत साधारण पावणेचार कोटी. नातेवाइकांच्या ग्रुपवर ही बातमी एकाच सकाळी तिघांनी टाकली, वर शेरा: ‘याला म्हणतात ग्रामीण आरोग्य!’ अहो, नाही म्हणत. गाव जेमतेम पाचशे वस्तीचं, आणि मोठं इस्पितळ टाउन्सव्हिलला, मोटारीनं सात तासांवर. पावणेचार कोटी लावावे लागतात याचा अर्थ एवढाच की कोणी यायला तयार नाही.

मी त्याच भागातल्या एका शायर कौन्सिलच्या हिशेब खात्यात आहे. शायर म्हणजे आपली नगरपंचायत समजा, फक्त हद्द जिल्ह्याएवढी आणि माणसं वाडीएवढी. त्यामुळे डॉक्टर टिकवण्याचा खटाटोप मला बिलांच्या रूपात दिसतो. डॉक्टरच्या घराचा एसी, खिडक्यांच्या माशांच्या जाळ्या, अंगणातलं छप्पर, गाडी. कौन्सिलच्या बैठकीत शेळ्यामेंढ्यांच्या कुंपणानंतर लगेच डॉक्टरच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर अर्धा तास चर्चा होते आणि कोणाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. मला पहिल्यांदा वाटलं होतं.

मागच्या डॉक्टरबाईंच्या वेळी उमेदवारीचे कागद समोर आले तेव्हा गुरं पाळणाऱ्या एका म्हाताऱ्या सदस्यानं पदवीबद्दल काही विचारलं नाही. त्याचा प्रश्न एकच होता: “नवरा काय करतो?” नवरा डिझेल मेकॅनिक. म्हातारा खुशीत आला. कौन्सिलच्या वर्कशॉपमध्ये रस्त्याचे ग्रेडर दुरुस्त करायला माणूस मिळतच नव्हता. नवऱ्याचं नेमणूकपत्र बायकोच्या आधी निघालं.

हे बघताना मला आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या आठवतात आणि चिडचिड होते. आपल्याकडे 2017च्या धोरणापासून गावांची अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण, म्हणजे सोपं, क्षेत्र अशी वाटणी आहे. दुर्गम शाळेवर नवरा, शंभर किलोमीटरवर बायको, मग ‘संवर्ग दोन’मधून पती-पत्नी एकत्रीकरण. माणुसकीचीच तरतूद आहे, तिला नावं ठेवत नाही. पण जोडपं एकत्र येतं ते कुठे? सोप्या क्षेत्रात. नवऱ्याच्याच शाळेशेजारी बायकोलाही आणू, दोघांना राहण्यासारखी दोन खोल्यांची जागा बांधून देऊ, त्यांच्या पोरांना पाचवीनंतर कुठे घालायचं ते बघू, हे कोणाच्या फायलीवर येत नाही. उलट गुरुजी मुख्यालयी राहतात असा ग्रामसभेचा ठराव आणायला सांगतात. राहण्याजोगं घर गावात आहे का, हा ठराव मात्र कोणी मागत नाही. मग घरभाडे भत्ता चालू राहतो आणि सकाळच्या एसटीनं अप-डाऊनही.

रजेचंही तेच. क्वीन्सलंडमध्ये खेड्यातला डॉक्टर रजेवर गेला की त्याच्या जागी जायला बदली डॉक्टरांची सरकारी यंत्रणाच आहे. डॉक्टर समुद्रकाठी जाऊन झोपतो, गावाला तात्पुरता दुसरा डॉक्टर मिळतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी बहिणीच्या लग्नाला निघाला तर शेजारच्या केंद्रावरच्याला ‘अतिरिक्त कार्यभार’ मिळतो, म्हणजे दोन्ही केंद्रं बंद पडतात.

खरं सांगायचं तर आपल्याकडे खेड्यातल्या डॉक्टरसाठी दोनच साचे आहेत. एकात हेमलकसा, बैरागड, शोधग्रामला आयुष्य वाहिलेले डॉक्टर. ही नावं घेतली की आपण हात जोडतो आणि आपली जबाबदारी संपली असं मानतो. दुसऱ्यात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेला पोरगा: वर्षभर बाँड कर, आणि बरीच वर्षं सोबत ‘नाहीतर दहा लाख भर’ ही पळवाटही होती. किती जणांनी वर्षानुवर्षं बापाच्या खिशातून दहा लाख भरून पुण्या-मुंबईचा रस्ता धरला, ते सगळ्यांना माहीत आहे. एक तर संत, नाहीतर वेठबिगार. मधला साधा माणूस, ज्याला बायकापोरं आहेत आणि दुपारी दीड तास झोप हवी आहे, त्याची सोय कुठल्याच जीआरमध्ये नाही.

इथे बाँड नाही असं मात्र समजू नका. बाँडवाल्या सवलतीच्या जागेवर शिकलेल्या स्थानिक मुलाला पदवीनंतर 18 वर्षांच्या आत कधीही मिळून तीन वर्षं गावात काढायची असतात. आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरला? 1997पासून नियम आहे की त्यानं सर्वसाधारणपणे दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच काम करायचं, नाहीतर त्याच्या पेशंटला मेडिकेअरचे पैसे परत मिळत नाहीत. पैसे मिळणार नसतील तर शहरात त्याच्याकडे कोण जाईल? जितका आडगावात जाईल तितकी मुदत कमी होते. थोडक्यात, घरच्या पोराला तीन आणि पाहुण्याला दहा. आडगावचे दवाखाने आमच्या-तुमच्या पोरांच्या जिवावर चालले आहेत हे इथलं उघड गुपित. विदर्भात वर्षभर राहायला नकार दिलेला मुलगा इथे पाच-सात वर्षं वाळवंटाच्या कडेला गुमान काढतो. त्याला इथे कोणी संत म्हणत नाही, पण एसी दुरुस्त करून देतात.

आणि तरीही डॉक्टर जातातच. मेकॅनिक नवऱ्याच्या डॉक्टरबाई गेल्या, मुलगी बारा वर्षांची झाली म्हणून. पुढची धड शाळा नाही, मुलीला दूरच्या बोर्डिंगात ठेवायचं नव्हतं. एसी आणि ओव्हन जागच्या जागी राहिले. ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थीच पुढे ग्रामीण भागात टिकण्याची शक्यता जास्त, हे इथं सगळ्यांनी मान्य केलंय. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठानं 2000 साली मेडिकल कॉलेज सुरू केलं ते याच हिशेबानं. पण गावच्या शाळेला विज्ञानाचा मास्तर नसेल तर असा विद्यार्थी येणार कुठून? त्यासाठी केंद्र सरकारनं अतिदुर्गम शाळेत चार वर्षं शिकवणाऱ्याचं शिक्षणाचं कर्ज माफ करण्याची सोय केली आहे. आमच्या शाळेतली एक जागा तरीही रिकामीच.

आता आलेला डॉक्टर मराठवाड्यातला. बैठकीत म्हाताऱ्यानं ठरलेला प्रश्न विचारला: “बायको काय करते?” बायको शिक्षिका! टेबलावर टाळ्या पडल्या. नंदुरबारच्या अवघड क्षेत्रात द्विशिक्षकी शाळेवर कित्येक वर्षं काढलेल्या बाई. दोघांमध्ये चारशे किलोमीटर होते, एकत्रीकरणाचा अर्ज दर वेळी कुठेतरी अडकायचा, शेवटी राजीनामा देऊन इकडे आल्या.

पण शिक्षक म्हणून नोंदणी व्हायची तर आपली डी.एड. पुरत नाही. वरचा अभ्यासक्रम, कागदांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा. तोवर बाईंना, म्हणजे आता आमच्या वहिनींना, शाळेत मदतनीस म्हणून घेतलं आहे, फळा पुसायला आणि डबे उघडून द्यायला. शाळेत बावीस पोरं, वर्ग सहा आणि शिक्षक दोन. मुख्याध्यापिका नवीन, वय सव्वीस, ब्रिस्बेनहून आलेली. परवा तिनं वहिनींना दुपारी थांबवून विचारलं, की एका खोलीत तीन इयत्ता बसल्या असताना दोन इयत्तांना काम देऊन उरलेल्या इयत्तेला शिकवायचं कसं? वहिनींनी फळ्याचे खडूनं तीन भाग केले आणि चौथीच्या पोरीला पहिलीच्या रांगेत बसवलं. मुख्याध्यापिका वहीत लिहून घेत होती. वर्ग सुटल्यावर ती कौन्सिलमध्ये आली आणि वहिनींच्या परीक्षेची फी कौन्सिल भरेल का म्हणून विचारत होती. अर्ज माझ्या टेबलावर आहे. पुढच्या बैठकीत कुंपणानंतर घेऊ.