वर्गातील गर्दी आणि मुलांची प्रगती
(भोपाळ येथील माध्यमिक शाळांच्या निमित्ताने)

मुलाला चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला की पालक समाधानाने घरी परततात. पुढे सहामाही परीक्षेचे गुणपत्रक हाती येते आणि समाधानाची जागा काळजी घेते. चौकशी करता असे कळते की, एका वर्गात साठ-सत्तर मुले बसतात, एका बाकावर तिघे-चौघे दाटीने बसलेले असतात आणि वह्या वेळेवर तपासल्या जात नाहीत. मागील बाकावरच्या मुलाला गणितातील एखादी पायरी समजली नाही, हे शिक्षकांच्या लक्षात येईपर्यंत वर्ष संपत आलेले असते. वर्गातील गर्दी आणि मुलांची घसरणारी प्रगती यांचा संबंध पालकांना उघड दिसतो. तो किती खरा आहे व त्यावर काय करता येते, याचा विचार येथे केला आहे.

शहर वाढले, शाळा तेथेच राहिल्या

शेजारच्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी भोपाळ हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना होऊन भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. तोपर्यंत नागपूर येथे असलेली अनेक शासकीय कार्यालये तेथे हलली आणि त्यांच्याबरोबर शेकडो मराठी कुटुंबेही भोपाळला स्थायिक झाली. कर्मचाऱ्यांसाठी तात्या टोपे नगरासारख्या वसाहती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास विजेची अवजड यंत्रसामग्री तयार करणाऱ्या कारखान्यामुळे पूर्वेकडे मोठी औद्योगिक वसाहत वसली. 1951 साली सुमारे एक लाख लोकवस्ती असलेले हे शहर 2011 च्या जनगणनेत सुमारे अठरा लाखांवर पोहोचले.

लोकवस्ती वाढते तेव्हा ती शहराच्या कडेला पसरते. शाळेची इमारत मात्र जागची हलत नाही. त्यामुळे जुन्या भागातील काही शाळांचे वर्ग रिकामे पडतात, तर नव्या वसाहतींजवळील शाळांत मुलांना बसायला जागा पुरत नाही. ज्या शाळेचे नाव चांगले, तेथे दूरदूरची मुले येतात. भोपाळच्या सुभाष उत्कृष्ट विद्यालयासारख्या शाळांत नववीचा प्रवेश परीक्षेद्वारे दिला जातो, यावरून चांगल्या शाळांना किती मागणी आहे याची कल्पना येते. जेथे अशी निवड नाही, तेथे मागणीचा सर्व भार वर्गखोल्यांवर पडतो.

सरासरीचा आकडा फसवा ठरतो

पालकांनी तक्रार केली की त्यांना पुष्कळदा सरासरीचा आकडा सांगण्यात येतो. केंद्र शासनाच्या 2024-25 च्या शालेय माहितीनुसार देशात माध्यमिक स्तरावर एका शिक्षकामागे सरासरी 21 विद्यार्थी होते. हा आकडा ऐकून गर्दी कोठे आहे, असा प्रश्न पडावा. परंतु शिक्षकामागील विद्यार्थी आणि वर्गातील विद्यार्थी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक साधे गणित पाहू. एखाद्या शाळेत 480 विद्यार्थी व 16 शिक्षक आहेत. शिक्षकामागे 30 विद्यार्थी, म्हणजे प्रमाण उत्तम. पण शाळेत वर्गखोल्या आठच असतील, तर प्रत्येक खोलीत 60 मुले बसणार. बारा खोल्या असत्या तर 40 मुलांच्या तुकड्या करता आल्या असत्या. मात्र तेवढ्याने काम भागत नाही. गणिताच्या आठवड्याला सहा तासिका धरल्या, तर आठ तुकड्यांच्या 48 तासिका होतात व दोन शिक्षक त्या घेऊ शकतात. बारा तुकड्यांच्या 72 तासिका होतात आणि त्यासाठी गणिताचा तिसरा शिक्षक लागतो. सोळा शिक्षकांत गणिताचे दोघेच असतील, तर कागदावरचे चांगले प्रमाणही उपयोगी पडत नाही. म्हणून खोल्या किती, शिक्षक किती आणि कोणत्या विषयाचे शिक्षक किती, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत.

नियम काय सांगतात

1 एप्रिल 2010 पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या अधिनियमानुसार सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे किमान एक शिक्षक असावा लागतो. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक असावा, असेही त्यात म्हटले आहे. हा अधिनियम सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत लागू आहे. नववी व दहावीसाठी 2009 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे उद्दिष्ट ठेवले. पुढे 2018 मध्ये हे अभियान समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नेही प्रत्येक शाळेत हे प्रमाण तिसाच्या आत आणि दुर्बल घटकांची मुले अधिक असलेल्या भागांत पंचविसाच्या आत असावे, असे सांगितले आहे.

जागेचेही माप आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या संलग्नतेच्या नियमांत आठ मीटर लांब व सहा मीटर रुंद वर्गखोली आणि प्रत्येक विद्यार्थ्यास किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे. अशा 48 चौरस मीटरच्या खोलीत साठ मुले बसविली, तर प्रत्येकास 0.8 चौरस मीटर जागा मिळते. फळा, टेबल व येण्याजाण्याची वाट वजा केली तर त्याहूनही कमी.

चाळीस मिनिटांत काय घडते

चाळीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुले असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस सेकंद येतात. चाळीस मुले असल्यास एक मिनिट. हा फरक किरकोळ वाटेल. पण वह्या तपासण्याचा हिशेब पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. साठ मुलांच्या चार तुकड्या शिकविणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक वहीला दोनच मिनिटे दिली, तरी 240 वह्यांना आठ तास लागतात. चाळीस मुलांच्या चार तुकड्या असतील, तर हेच काम पाच तास वीस मिनिटांत होते. वह्या तपासल्या गेल्या नाहीत की चूक कोठे झाली ते मुलास कळत नाही आणि तीच चूक तो परीक्षेत पुन्हा करतो. विज्ञानाचे प्रयोग मुलांनी स्वतः करण्याऐवजी शिक्षकांनी करून दाखविण्यावर भागवावे लागते. लाजाळू मुले, विशेषतः मुली, प्रश्न विचारीनाशा होतात.

अभ्यासकांचे निष्कर्ष

या विषयाचा जगभर अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात सुमारे 11,600 मुलांवर मोठा प्रयोग करण्यात आला. तेरा ते सतरा मुलांच्या वर्गांतील मुलांची प्रगती बावीस ते पंचवीस मुलांच्या वर्गांपेक्षा चांगली आढळली. इस्रायलमधील शाळांविषयी 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लहान वर्गांचा लाभ दिसला. परंतु 2019 मध्ये नव्या माहितीच्या आधारे केलेल्या अभ्यासात तसा परिणाम आढळला नाही.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण मुंबई व वडोदरा येथील आहे. तेथे 2001 ते 2003 या काळात प्राथमिक शाळांतील मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणींनी दररोज सुमारे दोन तास वेगळे शिकविले. या मुलांची प्रगती झाली. पण ती मुले बाहेर गेल्यामुळे ज्यांचा वर्ग लहान झाला, त्या उरलेल्या मुलांत लक्षणीय फरक पडला नाही. यातून मोठा धडा मिळतो. केवळ संख्या कमी करून भागत नाही. कमी झालेल्या संख्येचा उपयोग करून प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीवरून शिकविले, तरच फळ मिळते.

निकालाकडे कसे पाहावे

शाळेचा दर्जा पालक दहावीच्या निकालावरून ठरवितात. हे स्वाभाविक असले, तरी एका वर्षाच्या निकालावर विसंबून राहू नये. मध्य प्रदेश मंडळाचा दहावीचा निकाल 2024 मध्ये 58.10 टक्के, तर 2025 मध्ये 76.22 टक्के लागला. एका वर्षात राज्यातील वर्गखोल्या किंवा शिक्षक एवढे बदललेले नसतात. म्हणून एखाद्या शाळेचा निकाल पाहताना तो किमान तीन-चार वर्षांचा पाहावा, राज्याच्या निकालाशी ताडून पाहावा आणि नववीत किती मुले होती व त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेस बसली, हेही विचारावे. दुर्बल मुलांना नववीतच मागे ठेवून उजळलेला निकाल हा खरा निकाल नव्हे.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

गर्दीवर पहिला सोपा उपाय म्हणजे शाळा दोन सत्रांत भरविणे. त्यामुळे खोलीत जागा होते, पण शाळेचा वेळ आखडतो आणि वाचनालय व खेळ यांना फाटा मिळतो. तात्पुरता उपाय म्हणून तो ठीक आहे. रिक्त पदांवर मध्य प्रदेशात अतिथी शिक्षक नेमले जातात. वर्ग सुरू राहण्यास त्यांची मदत होते, परंतु कायम शिक्षकांची भरती त्यामुळे टळू नये. तेथील शासनाने 2021 मध्ये बालवाडी ते बारावीपर्यंतच्या सुसज्ज शाळांची सी. एम. राइज योजना मंजूर केली. 2025 मध्ये या शाळांना सांदीपनि विद्यालय हे नाव देण्यात आले. अशा शाळा हव्यातच. तथापि, आसपासच्या शाळा दुबळ्या राहिल्या, तर सर्व ओढा याच शाळांकडे वळून तेथेही गर्दी होईल, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रातही प्रश्न वेगळा नाही. येथे शिक्षकांची पदे पटसंख्येवरून संचमान्यतेत ठरतात. म्हणून पटाची नोंद अचूक असणे आणि वाढीव तुकडीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी वेळेवर पाठविणे, ही कामे कागदोपत्री वाटली तरी मुलांच्या अभ्यासाशी थेट निगडित आहेत.

पालकांनी काय करावे

पालकांची चिंता बोलून दाखविण्यापुरती राहू नये. आठवीपर्यंतच्या शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. माध्यमिक शाळांसाठीही शाळा व्यवस्थापन व विकास समितीची तरतूद आहे. या बैठकांना हजर राहून प्रत्येक तुकडीची पटसंख्या, वापरात असलेल्या खोल्या, विषयवार शिक्षक व रिक्त पदे यांची माहिती मागावी आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. माहिती न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो व त्यास सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मध्य प्रदेशातील नागरिकांना 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते.

शिक्षकांनाही, खोल्या वाढेपर्यंत थांबण्याची गरज नाही. वर्षारंभी छोटी चाचणी घेऊन मागे पडलेली मुले ओळखावीत, त्यांना पुढील बाकांवर आणावे, मुलांचे गट करून एकमेकांच्या वह्या तपासून घ्याव्यात आणि आठवड्यातील काही तासिका उजळणीसाठी राखाव्यात.

नव्या खोल्या बांधण्यास निधी व वेळ लागतो. नववीतील मुलाचे वर्ष मात्र एकदाच येते. म्हणून मागील बाकावर बसलेल्या मुलाचे नाव, त्याची अडचण आणि त्याची वही शिक्षकांच्या नजरेसमोर राहील, एवढी व्यवस्था प्रत्येक शाळेने आजपासूनच केली पाहिजे. पालक, शिक्षक आणि अधिकारी यांनी एकत्र बसून प्रामाणिकपणे आकडे मांडले, तर तिची सुरुवात करणे कठीण नाही.