बागेने जात विचारली नाही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'सहकुटुंब कुठे जाल?' अशी पाने सुरू होतात. कुठली बाग कुणी बांधली, कारंजे किती वाजता सुरू होते, मुलांसाठी घसरगुंडी आहे की नाही, सगळी माहिती असते. आपल्या माणसांनीही बागा जरूर पाहाव्यात. पण दोन बागा अशा आहेत की तिथे जाताना मुलाबाळांना फक्त फुले दाखवून परत येऊ नये.

पहिली मुंबईतली, चर्नी रोड स्टेशनलगतची. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच चूल, त्यातच सामान, त्यातच सगळ्यांचे झोपणे. अभ्यासाला जागा नाही. रामजीबाबा मुलाला आधी झोपवत आणि मध्यरात्रीनंतर उठवून अभ्यासाला बसवत, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. शाळा सुटल्यावर मात्र हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. इतर मुले खेळत असताना हा एकटा पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांनी पाहिला, चौकशी केली, पुस्तके द्यायला सुरुवात केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकणारेही हेच गुरुजी. १९५६ च्या नागपूरचा रस्ता शोधत मागे गेलो, तर तो एका सार्वजनिक बागेतल्या बाकापाशी पोचतो.

दुसरी बाग बडोद्याची. सयाजीबाग, जिला जुने लोक कामाठी बाग म्हणतात. विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ साली उभी राहिलेली ही बाग शंभर एकरांहून मोठी आहे. आत जुने वस्तुसंग्रहालय आहे, प्राणिसंग्रहालय आहे. स्टेशनवरून चालत जाता येते. प्रवेशद्वाराजवळ सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याला लोक 'काळा घोडा' म्हणतात.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राजा पाठीशी होता, पदव्या होत्या, हुद्दा होता. शहरात राहायला खोली मात्र नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. एक हिंदू मित्र होता, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र होता, त्याने बायकोचे कारण पुढे केले. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास काढायचे कुठे? बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. मन सुन्न होते आणि निराधार लेकरासारखी आई-वडिलांची आठवण येत होती.

आज ती जागा 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते. २३ सप्टेंबरला गुजरात-महाराष्ट्रातून भीमसैनिक तिथे जमतात. शहराने दार लावले, धर्मशाळेने लावले, मित्रांनीही लावले. उघडी होती ती फक्त बाग. तिने जात विचारली नाही, नाव विचारले नाही, पैसे मागितले नाहीत.

म्हणून सार्वजनिक जागेचा प्रश्न हा आपल्यासाठी फावल्या वेळेचा प्रश्न नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. कागदावरचा हक्क पायाखाली आणायला २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जावे लागले. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' आल्या. बाग ही राबत्याची जागा. कामाठी बागेत तासन् तास बसलेला माणूस संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे हे कलम वाचताना विसरून चालणार नाही.

आता आजचे पाहू. जातीची पाटी बागेच्या फाटकावर लावता येत नाही. मग वेगळ्या पाट्या लागतात. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ पासूनची. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराची रविवारची हक्काची जागा. २०१७ साली तिथले मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुलांच्या कुटुंबाला शंभर रुपये. ज्याच्या खिशात आहेत त्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. रोजंदारीवरच्या माणसाला विचारा. कित्येक ठिकाणी बागेचे फाटक भर दुपारी बंद असते. नेमके तेव्हाच, जेव्हा नाक्यावरच्या मजुराला, कचरा वेचणाऱ्या बाईला घटकाभर सावली हवी असते. ज्यांच्या हातांनी बाग झाडली, तेच दुपारी कुंपणाबाहेर डबा उघडून बसतात.

आणि शिवाजी पार्क? १९२५ साली पालिकेने केलेले हे मैदान. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा लाखोंचा जनसागर तिथे विसावतो, पुस्तके विकत घेऊन परत जातो. दरवर्षी कुणाला तरी धूळ आणि कचरा दिसतो. रांगेत तासन् तास शांत उभी असलेली माणसे दिसत नाहीत, पुस्तकांचे स्टॉल दिसत नाहीत. मैदान सार्वजनिक आहे, मग येणारे लोक 'बाहेरचे' कसे?

वरळीत 'अभ्यास गल्ली' आहे. बीडीडी चाळींतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून बाहेर पडून मुलांच्या पिढ्या तिथे रस्त्याच्या दिव्याखाली शिकल्या. म्हणजे चर्नी रोडच्या बाकाची गरज शंभर वर्षांनंतरही संपलेली नाही. प्रत्येक वस्तीजवळ एक बाग, ती दुपारीही उघडी, प्रवेश फुकट, पाण्याचा नळ, आणि संध्याकाळी वाचता येईल इतका दिवा, एवढी मागणी आपल्या नगरसेवकांपुढे, वॉर्ड ऑफिसात लेखी द्यायला काय हरकत आहे? पुतळ्यासाठी आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण पुतळ्याच्या हातात जे पुस्तक आहे, ते वाचायला पोराला बसायची जागा हवी.

येत्या सुट्टीत मुलांना घेऊन चर्नी रोडला जा, जमले तर बडोद्यालाही जा. तिथे बाकावर बसवून त्यांना ही हकिकत सांगा. आणि परत आल्यावर आपल्या वस्तीतल्या बागेचे फाटक दुपारी दोन वाजता उघडे आहे का, हे जाऊन पाहा. कुलूप असेल तर अर्ज लिहायला घ्या.

जयभीम.