पाणी कुठे मुरते?

विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, आणि तरी शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही, असे झाले म्हणजे तुम्ही काय करता? लगेच विहीर खोल करायला घेत नाही. खांद्यावर फावडे टाकता आणि पाटाच्या कडेकडेने चालत जाता. कुठे घुशीने बीळ पाडलेले असते, कुठे गवत माजलेले असते, कुठे बांध फुटून पाणी शेजारच्या रानात चाललेले असते. ती जागा सापडली की दोन फावडी मातीत काम भागते.

आज मला जी गोष्ट सांगायची आहे ती पाण्याची नव्हे, पण तपासण्याची रीत मात्र हीच आहे. अलीकडे काही शाळांत आणि घरांतही फोटो, चित्रफिती, जुनी कागदपत्रे यांचा साठा ठेवण्यासाठी एक लहानशी पेटी दिसते. तिच्यात एक-दोन हार्ड डिस्क बसवलेल्या असतात, ती तारेने राउटरला जोडलेली असते, आणि घरातल्या कोणत्याही संगणकावरून किंवा मोबाइलवरून तिच्यात फाइल ठेवता येते, काढता येते. हिला नॅस म्हणतात. आपण सोपे म्हणून ‘घरचा सर्व्हर’ म्हणू या. या सर्व्हरविषयी नेहमीची तक्रार एकच : फाइल जाता जात नाही!

माझे एक शिक्षकमित्र हीच तक्रार घेऊन आले. त्यांच्या शाळेतली जुनी जनरल रजिस्टरे इतकी जीर्ण झाली होती की हात लावताच पानांचे तुकडे पडत. गावात कुणाला जन्मतारखेचा किंवा जातीचा पुरावा लागला की याच वहीतला उतारा काढावा लागतो, हे शिक्षकांना सांगायला नकोच. म्हणून एकेका पानाचे चित्र घेऊन ते सर्व्हरवर साठवण्याचे काम गुरुजींनी अंगावर घेतले होते. महिन्याचे काम सुमारे ६० गिगाबाइट भरे, आणि ते सर्व्हरवर चढवायला दीड तास लागे. मधेच वीज गेली की पहिल्यापासून आरंभ!

“सर, मशीनच बदलावं म्हणतो,” ते म्हणाले. “माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवलेत. हे बघा कोटेशन.”

“गुरुजी, थांबा जरा,” मी म्हटले. “आधी पाटाच्या कडेनं एकदा चालून येऊ.”

तुम्हीही माझ्याबरोबर चला. निघण्यापूर्वी दोन गैरसमज मात्र दूर केले पाहिजेत. पहिला असा की, फाइल हळू जाते म्हणजे ‘नेट’ हळू आहे. तुमच्या टेबलावरच्या संगणकातून त्याच खोलीतल्या सर्व्हरकडे जाणारी फाइल गावाबाहेर जातच नाही. ती राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच सर्व्हरकडे वळते. तेव्हा इंटरनेटची महागडी योजना घेऊन या कामात काडीचा फरक पडत नाही.

दुसरा गैरसमज मापाचा. तारेचा वेग सांगतात तो बिटमध्ये, आणि फाइल नकलताना पडद्यावर दिसतो तो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून सेकंदाला १०० मेगाबिट नेणारी तार म्हणजे १२.५ मेगाबाइट नेणारी तार. त्यातही फाइलीबरोबर जाणाऱ्या पत्त्यांचा आणि पोचपावत्यांचा भार वजा जाता हाती ११ च्या आसपास पडतात. तार १००० मेगाबिटांची असेल तर हिशेबाने १२५ आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा : ११ आणि ११०.

आता गुरुजींचे गणित मांडा. ६० गिगाबाइट म्हणजे ६०,००० मेगाबाइट. त्याला ११ ने भागले की साधारण ५,४५० सेकंद, म्हणजे दीड तास! पडद्यावर वेगाचा आकडाही ११ वरच खिळलेला होता. मशीन दमलेले असते तर आकडा वरखाली झाला असता. तो एकाच ठिकाणी अडतो, त्या अर्थी कुठेतरी दार अर्धेच उघडे आहे.

ते दार कोणते? नेटवर्कच्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनांच्या चार जोड्या. १०० मेगाबिटांच्या वेगाला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात. १००० मेगाबिटांना मात्र चारही लागतात. वापरात नसलेल्या जोडीतली एखादी तार तुटली, किंवा टोकाच्या प्लगमध्ये तिचा स्पर्श नीट झाला नाही, तर दोन्हीकडची यंत्रे बऱ्याच वेळा आपापसात ठरवून १०० वर समाधान मानतात. दिवा लागतो, फाइल जाते, चूक झाल्याचा संदेश येत नाही. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो, तो बघायचा. तिथे १००० च्या जागी १०० दिसले की चोर सापडला.

गुरुजींची तार दाराच्या चौकटीतून आली होती आणि दार रोज तिच्यावर आपटत होते. तार बदलली. तेच ६० गिगाबाइट नऊ-दहा मिनिटांत गेले. एवढे लक्षात असू द्या की पुष्कळ स्वस्त राउटरांची भोकेच १०० मेगाबिटांची असतात. तिथे नवी तार घालूनही उपयोग नाही. अशा वेळी १००० मेगाबिटांचा लहान स्विच आणावा आणि संगणक व सर्व्हर दोन्ही त्याला जोडावेत. सर्व्हर बदलण्याचे कारण नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तारच नाही, आम्ही वायफाय वापरतो. वायफायचा कारभार ग्रामसभेसारखा आहे. एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. घरातले सगळे मोबाइल, दूरदर्शनसंच आणि तुमचा संगणक एकाच हवेत पाळीपाळीने बोलतात. त्यात दगडी भिंत मधे आली की आवाज क्षीण होतो. पेटीवर छापलेला वेग हा मोकळ्या मैदानातला, आणि तोही कागदावरचा. त्याच्या निम्मा मिळाला तरी चांगला समजावा. मधे वेग वाढवण्यासाठी म्हणून रिपीटर लावला असेल, तर साधा रिपीटर प्रत्येक शब्द ऐकून त्याच हवेत पुन्हा उच्चारतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. म्हणून मोठे काम असेल त्या दिवशी संगणक उचलून राउटरजवळ न्यावा आणि तार लावावी. तारेने वेग वाढला तर दोष हवेचा. नाही वाढला तर पुढे चालायचे.

इथे शिक्षकांना एक साधन सांगतो. आयपर्फ-थ्री नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो एका टोकाला सर्व्हरवर आणि दुसऱ्या टोकाला संगणकावर चालवला की तो डिस्कला न शिवता नुसत्या वाटेचा वेग मोजतो. त्याने सेकंदाला ९४० मेगाबिटांच्या जवळपास आकडा दिला आणि तरी फाइल रखडत असेल, तर वाट निर्दोष आहे. मग संशय दोन टोकांवर, म्हणजे बहुधा डिस्कवर.

डिस्ककडे वळताना पहिला प्रश्न असा विचारावा : फाइल एक मोठी आहे की हजारो बारकी? हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी आणि तिच्यावर हलणारे वाचनशीर्ष. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. शीर्ष जागेवर न्यायचे आणि हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबायचे, यात १२ सहस्रांश सेकंद गेले असे धरा. फाइल लहान असली तरी तिचे नाव एकीकडे, नोंद दुसरीकडे आणि मजकूर तिसरीकडे, म्हणजे तीन खेपा धरा. २०-२० किलोबाइटांच्या २०,००० फाइली म्हणजे एकूण ४०० मेगाबाइट. सलग एकच फाइल असती तर चार सेकंदांत गेली असती. सुट्या फाइलींना या हिशेबाने १२ मिनिटे लागतील! ज्वारीचे पोते गाडीत टाकणे वेगळे आणि एकेक दाणा नेऊन टाकणे वेगळे. तेव्हा बारक्या फाइली झिप करून एकच मोठी फाइल करावी आणि मग पाठवावी.

दुसरा प्रश्न : वेग आरंभी चांगला असून मग कोसळतो का? तसे असेल तर पहिला वेग खोटा होता असे समजा. सर्व्हर आलेला माल आधी आपल्या स्मृतीत, म्हणजे दारातल्या हौदात, साठवतो. हौद भरला की आत नेण्याचा खरा वेग दिसू लागतो. काही डिस्कमध्ये हे फार जाणवते. त्यांच्यात नोंदीचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची कौलेही उचलावी लागतात, तसे एक नोंद बदलताना शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. अशा डिस्क, आणि त्यांतल्या काही तर खास घरच्या सर्व्हरसाठी म्हणून, ग्राहकाला न सांगता विकल्या जात होत्या, हे २०२० साली उघडकीस आले. तेव्हा खरेदी करताना दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. सतत लिहिण्याच्या कामाला ती बरी नाही.

तिसरा प्रश्न : सर्व्हर दुसऱ्या कामात गुंतला आहे का? नवे फोटो आले की त्यांची छोटी चित्रे तयार करणे, डिस्कची ठराविक तपासणी, नव्या डिस्कवर जुना मजकूर उतरवणे, ही कामे तो न सांगता करतो. त्याला एक रात्र द्यावी आणि सकाळी पुन्हा मोजावे. बाहेरची डिस्क यूएसबीने जोडली असेल तर तिचे भोकही बघावे. जुन्या यूएसबी-टूमधून सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच जातात.

आता चौथा प्रश्न, आणि तो मी शेवटी सांगत असलो तरी तुम्ही तो सर्वांत आधी विचारायचा आहे. डिस्क मरायला तर टेकली नाही ना?

हे मी स्वतःच्या घरचे पोळलेपण सांगतो आहे. माझ्या घरच्या सर्व्हरवर फाइल नकलताना मधेच काही सेकंद सगळे थांबे, आणि मग पुन्हा चालू होई. मी तीन आठवडे तारा बदलत बसलो. राउटर जिन्यातून माडीवर नेला. एका सकाळी सर्व्हर सुरू केला, तो डिस्कच दिसेना. तिच्यावर माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. बहिणीकडे नकला होत्या तेवढ्या वाचल्या, बाकीच्या गेल्या. आईही आता नाही.

पुढे कळले ते असे. डिस्कचा एखादा कण खराब झाला की ती तो पुन्हा पुन्हा वाचून बघते, आणि तेवढा वेळ सारे काम अडते. तो थांबा म्हणजे तिने मारलेली हाक होती. मी ती तारेची कुरकुर समजलो. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद आपणच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि सर्व्हरच्या पडद्यावर ती वाचता येते. खराब ठरवून बदललेले भाग किती आणि वाचण्याच्या प्रतीक्षेत अडकलेले भाग किती, हे दोन आकडे बघावेत. ते शून्य असावेत. शून्य नसून दर आठवड्याला वाढत असतील तर वेगाची चिकित्सा तिथेच सोडा. आधी सगळा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या. तपासणी म्हणून त्या डिस्कला राबवू नका. आजारी माणसाला धावायला लावून नाडी बघत नाहीत.

“पण आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, एकीचं प्रतिबिंब दुसरीवर उमटतं,” असे काहीजण म्हणतील. एक डिस्क बिघडली तर त्याचा उपयोग होतो, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीवरून एकदमच पुसली जाते, आणि तारेतून वीज उतरली तर दोन्ही एकाच क्षणी जातात. खरी दुसरी प्रत दुसऱ्या छपराखालीच असली पाहिजे.

सारांश काय? आधी दुसरी प्रत आहे ना ते बघा. डिस्कची प्रकृती वाचा. मग एक मोठी फाइल घेऊन वेग मोजा, तार लावून मोजा, नुसती वाट मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही. सर्व्हरशेजारी एक वही टांगून ठेवा. तारीख, फाइलीचे वजन, लागलेला वेळ, एवढे तीन रकाने पुरेत. वर्गातल्या मुलांना भागाकार शिकवायलाही ती उपयोगी पडेल. आणि हे सगळे होईपर्यंत खिशात हात घालू नका.

गुरुजींनी नवे मशीन घेतले नाही. माजी विद्यार्थ्यांच्या पैशांतून त्यांनी एक सुटी डिस्क घेतली. महिन्याच्या शेवटी ते तिच्यावर रजिस्टरांची नक्कल उतरवतात आणि ती गावातल्या दुसऱ्या घरी, कपाटात कुलूप लावून ठेवतात. उरलेले पैसे त्यांनी परत केले.